फोटोत कोकणकडा एवढासा का दिसतो? (आणि चित्रात तर त्याहून)

ओली वही · सोमवार, रात्री १०.४०

परवाच्या शनिवार-रविवारी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड केला. चौथी खेप. कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावले, पोटात नेहमीचा गोळा आला, मग उठून फोनवर दोनशे बारा फोटो काढले. घरी आईला दाखवले तर म्हणाली, "हाच का तो कडा? पर्वतीएवढा तर दिसतोय."

दोन वर्षं जलरंग शिकतेय, म्हणून फोटो समोर ठेवून चित्र काढायला बसले. तीन कागद वाया. पहिल्यात कडा म्हणजे कापलेला केक. दुसऱ्यातलं हिरवं बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, पालकाचं सूप का? तिसरं नवऱ्यानं पाहिलं आणि काही न बोलता चहा करून आणला, त्यावरून काय ते समजा.

तर जाणकारांनो, फोटोत उंची जाते कुठे? आणि चित्र फोटोवरून काढावं की तिथंच बसून? तिथं बसायचं तर पावसात कसं, आणि ग्रुप दहा मिनिटांच्या वर थांबत नाही त्याचं काय?

रिकामटेकडा · सोमवार, रात्री १०.४४

फोटो टाका. नाहीतर धागा बाद.

ओली वही · सोमवार, रात्री ११.०५

टाकलेत, चित्रांसकट. हसायचं नाही.

रिकामटेकडा · सोमवार, रात्री ११.०७

अजिबात हसलो नाही. सूप छान झालंय, वर क्रीम हवं होतं.

भिंग · मंगळवार, सकाळी ७.३०

फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या लेन्सच्या तोडीचा असतो, म्हणजे मुळातच वाईड. त्यात कडा मावत नाही म्हणून तुम्ही ०.५ वर टिचकी मारलेली दिसतेय. सगळेच मारतात. मग पायाजवळचं गवत अगडबंब आणि समोरचा कडा नखाएवढा. डोळा असा बघत नाही. तो एका भेगेवर थांबतो, तिथून खाली घसरतो, परत वर येतो. मान वरखाली करावी लागते म्हणून तर ते प्रचंड वाटतं. फोटोत मान हलत नाही.

पुढच्या वेळी वाईड सोडा. २x किंवा ३x लावा, फोन उभा धरा आणि डावीकडून उजवीकडे सहा-सात फोटो घ्या, प्रत्येक फोटो आधीच्यावर तिसरा हिस्सा चढवून. घरी जोडा. दुसरं म्हणजे फ्रेममध्ये माणूस हवा. धारेवर नाही रे बाबांनो, धारेपासून चांगला मागे. अंगात लाल रेनकोट असेल तर सोन्याहून पिवळं. माणूस मुंगीएवढा दिसला की कडा आपोआप मोठा होतो.

आणि वेळ. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. सकाळी त्याचं अख्खं अंग सावलीत, आणि सावलीतला काळा दगड फोटोत पत्र्यासारखा सपाट येतो. दुपारी चारनंतर तिरकं ऊन पडलं की थर, भेगा, घळी सुट्या होतात. तुमचे फोटो सकाळी साडेआठच्या सुमाराचे असावेत.

ओली वही · मंगळवार, सकाळी ७.५२

आठ पस्तीस. तुम्ही सीआयडीत आहात का?

घाटमाथा · मंगळवार, सकाळी ९.१५

भिंग यांचं लेन्सचं बरोबर असेल, पण कडा वरून दिसतच नाही हो. वरून दिसतं ते त्याचं ओठ. खरा कडा बघायचा तर कोकणात उतरून बेलपाड्याला जावं. गावातल्या अंगणात उभं राहिलं की समोर ती अर्धगोल भिंत, आणि माणसाचं तोंड बंद. तिथून नळीची वाट वर चढते. ती पावसाळ्यात करू नये आणि अनुभवी माणूस बरोबर असल्याशिवाय कधीच करू नये. फोटोसाठी तिची गरज नाही, अंगण पुरतं.

आता थोडं कडू. चित्रकार मंडळी ग्रुपमध्ये आली की आमच्यासारख्या म्होरक्यांना घाम फुटतो. एकदा खिरेश्वरकडून गेलो होतो. एक गृहस्थ टोलार खिंडीत "फक्त पाच मिनिटं" म्हणून बसले. पाण्याची बाटली उघडली, ब्रश बुडवला आणि समाधी. सव्वा तास! पंधरा माणसं त्यांच्यापायी अंधारात उतरली. एका बाईंचा पाय मुरगळला. आणि चित्र? त्यात खिंड नव्हतीच. समोर चरणाऱ्या म्हशीचं चित्र होतं.

रिकामटेकडा · मंगळवार, सकाळी ९.२०

म्हैस तरी ओळखू आली ना? मग पैसे वसूल.

कुंचला · मंगळवार, दुपारी ३.१०

ओली वही, तिन्ही चित्रं मोठी करून पाहिली. मी पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे बोलणं जरा मास्तरी असतं, राग मानू नका. तुमचा कडा सह्याद्रीतला नाही. तो एलिमेंटरी परीक्षेच्या पेपरातला डोंगर आहे. दोन त्रिकोण, मधून सूर्य, खाली नदी. तुम्ही सूर्य काढला नाहीत एवढंच.

त्रिकोण हिमालयात खपतो. आपला डोंगर आडवा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा डोंगर. काळा कातळ, त्यावर गवताचा पदर, पुन्हा कातळ, पुन्हा पदर, आणि माथा बहुतेक ठिकाणी ताटासारखा सपाट. म्हणून पहिली पेन्सिल आडवी फिरवायची. भेगा आणि धबधबे नंतर, आणि तेही थोडे. कड्यावर दहा पांढऱ्या रेघा ओढल्या की दहा धबधबे होत नाहीत, कंगवा होतो.

हिरव्याचं सांगतो. ट्यूबमधला सॅप ग्रीन जसाच्या तसा कागदावर गेला की पालक होणारच. त्यात किंचित बर्न्ट सिएना घाला. ओल्या कातळाला काळा रंग लावू नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळं जास्त पडलं तर ढगाळ दिवसाचा कातळ, तपकिरी जास्त पडलं तर उन्हातला. या दोन रंगांवर पुष्कळ सह्याद्री भागतो.

जागेवर की फोटोवरून? जागेवर, पण तिथं चित्र नका करू, टिपण करा. पावसाळ्यात घाटमाथ्यावर ३०० जीएसएमचा जाड कागद सकाळी भिजवला तर संध्याकाळीही बोटाला रंग लागतो. म्हणून तळहाताएवढी वही आणि ६बी पेन्सिल. दहा मिनिटांत पाच-सहा रेघा, आणि कडेला अक्षरात नोंद: 'इथं कागद कोरा सोडणे', 'ही सोंड मागच्यापेक्षा काळी', 'गवत पिवळट, पोपटी नाही'. मग घरी रंगवा. फोटो ठेवावा, पण साक्षीदारासारखा. विचारलं तेवढंच त्यानं सांगावं.

आमच्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परत आले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला, १९३१ साली गेले. कोटितीर्थाच्या काठी राहून त्याच तळ्याची चित्रं पुन्हा पुन्हा काढली. वेगळा प्रहर, वेगळं ऊन, तळं तेच. तुम्ही मंडळी दर शनिवारी नवा किल्ला 'करता'. ओळख कधी व्हायची?

घाटमाथा · मंगळवार, दुपारी ३.४०

सर, प्रतिसादाला दंडवत. पण तळं त्यांच्या दाराशी होतं. आम्हाला गडाच्या पायथ्याला पोचायलाच चार-पाच तास लागतात, त्यातला एक चाकणच्या ट्रॅफिकमध्ये.

कुंचला · मंगळवार, दुपारी ३.४८

मग घरातून कुठला डोंगर दिसतो?

ओली वही · मंगळवार, दुपारी ४.०२

गच्चीतून सिंहगड दिसतो. टीव्हीच्या टॉवरसकट. मध्ये तीन बिल्डिंगा आणि एक मोबाईलचा मनोरा.

कुंचला · मंगळवार, दुपारी ४.०५

झालं की.

कच्चा फोटो · मंगळवार, रात्री ८.२०

हिरव्यावरून आठवलं. आजकालच्या पावसाळी फोटोंतलं हिरवं डोळ्यांत बोटं घालतं. गवत आहे की प्लास्टिकची हिरवळ? एका स्पर्धेत (नाव सांगत नाही) पहिल्या नंबरच्या फोटोत राजगडाच्या बालेकिल्ल्यावर आकाशगंगा उभी होती. फोटो काढणाऱ्याचं तोंड उत्तरेला, आणि आकाशगंगेचा वृश्चिक-धनूकडचा जाड भाग थेट समोर. आपल्याकडून तो दक्षिणेला दिसतो हो! परीक्षकांपैकी कोणी रात्री मान वर केली नसावी.

मनमौजी · मंगळवार, रात्री ८.४५

त्यात एवढं काय? चित्रकारानं आकाश बदललं तर ती कल्पकता, आणि फोटोवाल्यानं बदललं तर ती चोरी? कुंचला सरांनीच वर सांगितलंय, तीन बिल्डिंगा गाळा म्हणून.

कुंचला · मंगळवार, रात्री ९.००

मी कुठे सांगितलं गाळा म्हणून?

कच्चा फोटो · मंगळवार, रात्री ९.१२

मनमौजी, चित्र बघताना कोणी म्हणत नाही की "हे असंच होतं". फोटो बघून लोक ट्रेक ठरवतात. मग तिथे जाऊन विचारतात, इथं ते जांभळं आकाश कुठाय?

आणि हिरवं खरंच गडद हवं असेल तर खर्च करून लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर घ्या. ओल्या पानांवरची आणि कातळावरची चमक तो खातो, त्यामुळे खालचा खरा रंग वर येतो. सरकपट्टी ओढून आलेलं हिरवं वेगळं आणि हे वेगळं.

भिंग · मंगळवार, रात्री ९.३०

पोलरायझरला +१. एक अनुभव देतो. एसी गाडीतून उतरून कॅमेरा तसाच बाहेर काढला की काच धुरकट होते, आणि पुसलं की आणखी पसरते. कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्यावा. आणि घरी आल्यावर बॅग कपाटात कोंबू नये. माझ्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळीसारखी बुरशी धरली होती. दुरुस्तीवाल्यानं ती काढली, पण बरोबर काचेवरचा लेपही थोडा गेला. आता त्या लेन्सनं काढलेल्या प्रत्येक फोटोत धुकं फुकट. बंद डबा आणि सिलिका जेल, दोन-तीनशे रुपयांत काम होतं.

संपादक मंडळ · मंगळवार, रात्री १०.१५

वैयक्तिक टीका टाळावी. पालकाच्या सुपावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

नाचणीची भाकर · बुधवार, सकाळी ६.५०

मी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या एका गावातला. नोकरी नाशकात. घरी आईबाप, दोन खाचरं, आणि शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्यांचं जेवण. वर माणूस फ्रेममध्ये हवा असं लिहिलंय, म्हणून लिहावंसं वाटलं. कोणाला बोल लावायचा नाही.

मागच्या भाताच्या आवणीच्या दिवसांत एक कॅमेरावाले आले. बापाला म्हणाले, काका, घोंगडी घ्या, त्या दगडावर बसा, दरीकडं बघा. बाप बसला. मग म्हणाले, इरलं नाही का? बाप म्हणाला, हाये माळ्यावर, पण पानं झडलीत. मग म्हणाले, ते बूट काढा. निळे गमबूट होते, फोटोत बरे दिसत नव्हते म्हणे. बाप वीस मिनिटं पावसात अनवाणी बसला. उठताना मला म्हणाला, "येवढा येळ तर बैल पण उभा ऱ्हात नाही." फोटो पाठवतो म्हणाले होते. अजून यायचाय.

त्याच्या आदल्या वर्षी एक चित्रवाल्या बाई दोन दिवस राहिल्या होत्या. पाऊस उघडेना म्हणून सगळा वेळ आईच्या चुलीपाशी बसून. त्यांनी दारातून बापाचं चित्र काढलं, खाचरातून येताना. गमबुटासकट. ते आमच्या भिंतीला आहे, धुरानं पिवळं झालंय.

कड्याचं म्हणाल तर आजा आम्हाला बघायला नाही, ऐकायला शिकवायचा. धुक्यात गुरं घेऊन गेलं की काही दिसत नाही. खालनं वर येणाऱ्या वाऱ्याचा आवाज आला की तिथंच थांबायचं. तिथं पाऊसही कधी कधी खालनं वर येतो.

ओली वही · बुधवार, सकाळी ७.२०

दादा, हे वाचून माझे दोनशे बारा फोटो परत चाळले. एकातही माणूस नाही. मुद्दाम कोपऱ्यात जाऊन, माणसं टाळून काढले होते.

रिकामटेकडा · बुधवार, सकाळी ७.२५

आज विनोद नाही. वाचनखूण साठवली.

उपरा सिअ‍ॅटलकर · बुधवार, सकाळी ८.१०

आमच्याकडे माउंट रेनियर आहे, ४,३९२ मीटर, पण ढगांमुळे कितीतरी दिवस दिसतच नाही. दिसला की ऑफिसात लोक एकमेकांना सांगतात, "डोंगर बाहेर आलाय." जणू काही आजारातून उठून अंगणात आलेत आजोबा. आणि फोटो काढला की तोही एवढासा! हायवेवर डोळ्यांसमोर आभाळभर असतो, फोनमध्ये मात्र मिठाची चिमूट. तेव्हा हा आजार सह्याद्रीपुरता नाही.

हिमवाट · बुधवार, दुपारी १२.३०

कुंचला सरांच्या 'त्रिकोण हिमालयात खपतो' वरून. कुलूजवळ नग्गरला रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांचं घर आहे. १९२८ पासून ते तिथं राहिले आणि १९४७ मध्ये तिथंच गेले. तिथली चित्रं बघताना मी मनात म्हटलं, यांना जांभळा रंग फुकट मिळत असावा. चार दिवसांनी लाहौलमध्ये केलाँगला संध्याकाळी चहा पीत बसलो होतो. समोरचं शिखर आधी नारिंगी झालं, मग गुलाबी, आणि पायथ्याची सावली निळी. निळसर नव्हे, निळी. चहा गार झाला. तिथली हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे लांबचा डोंगर आपल्यासारखा पुसट होत नाही, कडा सुरीनं कापल्यासारख्या. तोच रंग सह्याद्रीत वापरला तर खोटं वाटेल.

भिंग · बुधवार, दुपारी १.१५

पुसटपणा हाच आपला खजिना आहे ना पण! हिवाळ्यातल्या सकाळी एकामागे एक सहा-सहा रांगा, प्रत्येक मागची फिकट आणि निळी. मधल्या हवेतून विखुरलेला निळा प्रकाश डोळ्यात येतो म्हणून. चित्रात खोली आणायची सगळ्यात स्वस्त युक्ती.

घाटमाथा · बुधवार, दुपारी १.४०

आणि जोराचा पाऊस पडून उघडलं की ती युक्ती बाद. हवा धुतली जाते आणि दहा कोसांवरचा डोंगर अंगावर येतो. जुनी माणसं म्हणायची, डोंगर जवळ आला, पाऊस परत येणार.

मनमौजी · बुधवार, दुपारी २.०५

कोकणकड्याचा धागा आणि इंद्रवज्राचं नाव नाही? निषेध!

घाटमाथा · बुधवार, दुपारी २.३०

घ्या. इंग्रज अधिकारी कर्नल साईक्सनं १८३५ च्या लेखात नोंद केलेलं ते हेच. सूर्य पाठीशी, समोर खाली दरीत धुकं, आणि त्यात गोल इंद्रधनुष्य, मधोमध आपलीच सावली. कड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे हे सकाळचं काम. मी वीस-बावीस वेळा गेलो असेन, दिसलं दोनदा. शेजारी उभ्या मित्राला त्याच्या डोक्याभोवती दिसतं, आपल्याला आपल्या. दोघंही खूश.

ओली वही · बुधवार, दुपारी २.४०

म्हणजे सकाळी आठ पस्तीसला मी कड्याचे फोटो काढत होते तेव्हा दरीत बघायला हवं होतं?

घाटमाथा · बुधवार, दुपारी २.४२

होय.

कुंचला · बुधवार, दुपारी ३.००

इंद्रवज्र रंगवायच्या भानगडीत पडू नका. मी एकदा पडलो होतो. सावलीच्या डोक्यामागे सप्तरंगी वर्तुळ आलं आणि बघणाऱ्यानं हात जोडले. म्हणाला, कुठल्या महाराजांचं?

ओली वही · पंचवीस दिवसांनंतर, रविवार, रात्री ९.५०

धागा वर काढतेय. कोकणकड्याला परत गेले नाही. गच्चीत गेले.

रोज संध्याकाळी कपडे काढायला जाते तेव्हा वीस मिनिटं. पोस्टकार्डाएवढा कागद, सरांनी सांगितलेले दोनच रंग, आणि सिंहगड. अकरा चित्रं झाली, खाली टाकलीत. पहिल्या तीनमध्ये बिल्डिंगा गाळल्या होत्या. मग गड हवेत तरंगल्यासारखा झाला आणि उंचीच कळेना. चौथ्यापासून घेतल्या. एका गच्चीवरची काळी पाण्याची टाकी पुढे आली आणि मागे गड एकदम लांब आणि मोठा झाला. भिंग यांचा लाल रेनकोट आमच्याकडे टाकीच्या रूपात होता, दिसला नाही इतके दिवस.

घाटमाथा, डोंगर जवळ येतो हे खरं आहे. गुरुवारी पाऊस पडून गेल्यावर गड एवढा जवळ आला की कड्याखालचा गवताचा पदर मोजता येत होता. घाईघाईत पेन्सिलनं उंची घेतली, हात लांब करून, सर दाखवतात तशी. नंतर आधीच्या दिवसाच्या कागदावर ठेवून बघितली. तेवढीच! एका केसाचाही फरक नाही. मी मात्र शपथेवर सांगितलं असतं की दुप्पट होता.

दहाव्यात धुकं होतं. दिसत होता तो फक्त टॉवर, तेवढाच काढलाय, बाकी कागद कोरा.

कुंचला · रविवार, रात्री १०.२०

सातवं आणि दहावं ठेवा. नववं फाडा, त्यात पुन्हा त्रिकोण आलाय. सातव्यात टाकीची सावली ओली असताना सोडून दिलीत ते फार चांगलं केलंत. हात लावला असता तर गेली असती.

ओली वही · रविवार, रात्री १०.२६

खरं सांगू का सर, कुकरची शिट्टी झाली म्हणून सोडली.

नाचणीची भाकर · रविवार, रात्री १०.४०

ताई, दिवाळीनंतर या गडावर. घरी उतरा, आई भाकरी करेल. कडा दुपारी चारनंतर बघू.

ओली वही · रविवार, रात्री १०.४४

नक्की येते दादा. ग्रुपशिवाय. आणि बाबांना सांगा, गमबूट घालूनच बसायचं.

रिकामटेकडा · रविवार, रात्री ११.०२

आई काय म्हणाली ते राहिलं. तिच्यापासून तर सुरुवात झाली होती.

ओली वही · रविवार, रात्री ११.१०

दहावं फ्रिजला लावलंय तिनं. म्हणाली, "टॉवर तेवढा वाकडा आलाय."